चित्रातला कामगार आणि चित्राचा धनी : चिनी प्रचारचित्रे व मुंबईचा गिरणी कामगार

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि वास्तू यांचा उल्लेख प्रथम होतो. चित्रांचा उपयोग बहुधा पुस्तकाची पाने सजविण्यापुरता केला जातो. चित्रात काय दाखविले आहे एवढे पाहून आपण पुढे जातो. ते कोणी काढवून घेतले, कोणी छापले आणि कोणाच्या भिंतीवर लागावे म्हणून छापले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात हे प्रश्न श्रमिकांच्या चित्रांबाबत विचारले आहेत.

विजयदुर्गचेच उदाहरण घेऊ. खाडीच्या आतल्या अंगाला गिर्ये येथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद असलेली ही गोदी ज्यांनी खोदली व तेथे ज्यांनी गलबते बांधली, त्या पाथरवटांची आणि सुतारांची आठवण ती गोदीच काय ती सांगते. विजयदुर्गचे जे चित्र जगाला ठाऊक आहे ते डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने १७७१ साली रंगविलेले, फेब्रुवारी १७५६ मधील 'गेरिया'च्या पाडावाचे. त्यात इंग्रजी जहाजे, आग आणि धूर आहे. जिंकणाऱ्याने आपल्या विजयाचे चित्र काढवून घेतले, यात नवल नाही. पुढे याच विजयदुर्ग बंदरातून पावसाळ्याचे महिने सोडून आगबोटी मुंबईस जाऊ लागल्या आणि त्यांतून गेलेली माणसे गिरण्यांत कामाला लागली. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. एवढ्या मोठ्या समूहाचे चित्र कोणी काढले, हा प्रश्न कोकणात इतिहास शिकविणाऱ्याला टाळता येण्याजोगा नाही.

या प्रश्नाकडे चीनच्या वाटेने जाणे प्रथमदर्शनी लांबचे वाटेल. परंतु विसाव्या शतकात कामगाराचे चित्र चीनइतके विपुल प्रमाणात फारच थोड्या देशांत छापले गेले असेल. जेथे कामगार भिंतीभिंतीवर होता आणि जेथे तो भिंतीवर जवळजवळ नव्हताच, अशी दोन ठिकाणे समोरासमोर ठेवली म्हणजे दोन्हींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. कामगाराचे चित्र हे कामगाराच्या जीवनाचा पुरावा असण्यापूर्वी ते ज्याच्या आज्ञेने अथवा पैशाने निघाले त्याच्या अधिकाराचा पुरावा असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सुताचा धागा

मुंबई आणि चीन यांचा गिरणी व्यवसायातील संबंध जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. १८७० नंतरच्या तीन दशकांत मुंबईच्या सुताची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ चीन हीच होती. टाटा, ससून, पेटिट या घराण्यांच्या उत्कर्षात चीनच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी रुप्याच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या. चीनचा व्यवहार रुप्यात चालत असल्याने या व्यापाराला धक्का बसला. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहानंतर परकीयांना चीनच्या बंदरांत कारखाने काढण्याची मुभा मिळाली आणि शांघायमध्ये जपानी व इंग्रजी गिरण्या उभ्या राहिल्या. मुंबईचा गिऱ्हाईक मुंबईचाच प्रतिस्पर्धी झाला.

स्पर्धा मालकांची होती, तिची झळ दोन्हीकडच्या कामगारांना लागली. १५ मे १९२५ रोजी शांघायमधील एका जपानी कापडगिरणीत कू चंगहुंग या कामगारास गोळी घालण्यात आली, त्यात त्याचा मृत्यू झाला आणि त्यातून ३० मेची प्रसिद्ध चळवळ उसळली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी मालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर करताच येथे सार्वत्रिक संप झाला. तो डिसेंबरपर्यंत चालला आणि सरकारने कापडावरील अबकारी कर तहकूब केल्यानंतर कपात मागे घेण्यात आली. या दोन घटनांची सांगड आपल्या अभ्यासक्रमात कोठेही घातलेली नसते, ही खेदाची बाब होय.

चिनी प्रचारचित्रांची घडण

चिनी प्रचारचित्रे १९४९ नंतर एकाएकी अवतरली असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्या मागे निदान तीन परंपरा आहेत. पहिली, नववर्षाच्या चित्रांची. नवे वर्ष लागताना दारावर द्वारपाल देवतांची व घरात गुटगुटीत बालकांची, माशांची, फळांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे लावण्याचा प्रघात तेथे शतकानुशतके होता. दिवाळीत नवी तसबीर आणावी तसाच हा प्रकार. दुसरी परंपरा शांघायच्या दिनदर्शिकांची. १९२० व १९३० च्या दशकांत सिगारेट आणि साबण विकणाऱ्या कंपन्या सुंदर तरुणींची रंगीत चित्रे असलेल्या दिनदर्शिका वाटत असत. तिसरी परंपरा लाकूडठशाची, आणि तिचा प्रवास विशेष लक्षणीय आहे.

केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीने १८९३ ते १८९७ या काळात सायलेशियातील विणकरांच्या १८४४ च्या उठावावर एक चित्रमालिका काढली होती. चिनी साहित्यिक लू शुन तिच्या कलेने भारावला. त्याने ऑगस्ट १९३१ मध्ये शांघायमध्ये तरुण चित्रकारांसाठी लाकूडठशाचा वर्ग भरविला आणि १९३६ साली, आपल्या मृत्यूच्या वर्षी, कोलवित्झच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. ठसा स्वस्त असतो, त्याला मोठा छापखाना लागत नाही, आणि काळ्या-पांढऱ्या रंगात दुःख व संताप नेमका उमटतो. छळ सोसणाऱ्या चळवळीला हे माध्यम सोयीचे होते. १९३८ मध्ये येनान येथे लू शुनच्या नावाने कला अकादमी निघाली. १९३९ च्या प्रारंभी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकासह ज्या येनानमध्ये पोहोचले ते हेच. तेथेच मे १९४२ मध्ये माओ त्से-तुंग यांनी साहित्य व कला यांवर व्याख्याने दिली आणि कलेने शेतकरी, कामगार व सैनिक यांची सेवा करावी, पक्षाचे काम हेच कलेचे काम मानावे, असा दंडक घातला. येथपासून ठशाची दिशा बदलली. जे माध्यम सत्तेला जाब विचारीत होते ते सत्तेचे म्हणणे सांगू लागले.

नोव्हेंबर १९४९ मध्ये, म्हणजे लोकप्रजासत्ताक स्थापन होऊन दोन महिने होण्याच्या आतच, संस्कृती मंत्रालयाने नव्या आशयाची नववर्षचित्रे काढण्याचा आदेश दिला. दाराचा द्वारपाल गेला आणि त्या जागी सैनिक व कामगार आले. सिगारेटच्या दिनदर्शिका रंगविणारे शांघायचे निष्णात चित्रकार सरकारी प्रकाशनगृहांसाठी काम करू लागले. गुलाबी गालांची तरुणी तीच राहिली, तिच्या हातात मात्र सिगारेटऐवजी ट्रॅक्टरचे चाक आले. प्रचारचित्रांच्या लोकप्रियतेचे श्रेय केवळ पक्षयंत्रणेला देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती चित्रे लोकांना आवडत, कारण ती ओळखीच्या सुरातली होती.

या चित्रांची एक ठरीव भाषा आहे. कामगार खालच्या कोनातून पाहिलेला असल्याने तो इमारतीएवढा उंच दिसतो. त्याचे बाहू भरदार, चेहरा तांबूस, नजर चित्राच्या बाहेर दूर कोठेतरी लागलेली. मागे धुराडी असतात आणि त्यांतून निघणारा धूर हा शुभचिन्ह मानलेला असतो. आजच्या प्रदूषणग्रस्त वाचकाला हा धूर पाहून हसू येईल, पण ज्या देशाने कारखाने दुसऱ्यांचेच पाहिले होते त्याला तो धूर मंगल वाटला यात काही विपरीत नाही. स्त्रिया वेल्डिंग करतात, विजेच्या खांबावर चढतात, यंत्रे चालवितात. १९६० च्या दशकात चलनात आलेल्या तिसऱ्या मालिकेतील एक युआनच्या नोटेवर ट्रॅक्टर चालविणारी स्त्री, दोन युआनच्या नोटेवर लेथवर काम करणारा कामगार आणि पाच युआनच्या नोटेवर पोलाद कामगार आहे. आपल्या पाच रुपयांच्या नोटेवरही ट्रॅक्टर होता, पण लेथवरचा कामगार आपल्या नोटेवर आलेला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

प्रत्येक चित्राच्या तळाशी एक बारीक ओळ असते. चित्रकाराचे नाव, प्रकाशनगृह, मुद्रणालय, वितरक म्हणून शिन्हुआ पुस्तक भांडार, आणि किंमत. अनेकदा छापलेल्या प्रतींची संख्याही असते. ही ओळ माझ्या मते चित्राइतकीच महत्त्वाची आहे. ते चित्र कोणाच्या तोंडचे आहे, हे ती सांगते.

१९५८ च्या 'मोठ्या झेपे'च्या वेळी ही ओळ आणि वरचे चित्र यांतील अंतर फार वाढले. पंधरा वर्षांत इंग्लंडला मागे टाकण्याची घोषणा झाली होती. त्या एका वर्षात पोलादाचे उत्पादन दुपटीने वाढवून १ कोटी ७ लाख टनांवर न्यायचे ठरले. परसातल्या भट्ट्यांत लोकांनी घरची भांडीकुंडी वितळविली. त्यातून निघालेले बरेचसे लोखंड निरुपयोगी होते आणि माणसे भट्ट्यांवर असल्याने शेतातले पीक उभेच राहिले. चित्रांत कणसे माणसापेक्षा उंच होती, बालके अग्निबाणांवर स्वार होती. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत दुष्काळाने घेतलेल्या बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या काळातील प्रचारचित्र दुष्काळाविषयी काहीच सांगत नाही. मात्र राज्यकर्त्यांना काय दिसावेसे वाटत होते, हे ते नेमके सांगते आणि त्या अर्थाने तो अस्सल पुरावा आहे.

सगळी चित्रे खोट्याचीच होती असेही म्हणता येत नाही. दाचिंगचे तेलक्षेत्र १९५९ साली सापडले. तेथील वांग चिनशी या कामगाराने १९६० मध्ये विहिरीतून तेल उसळण्याचा धोका दिसताच सिमेंट कालविण्याच्या हौदात उडी घेऊन ते अंगाने ढवळले. 'पोलादी माणूस' म्हणून त्याची चित्रे देशभर लागली आणि १९६४ पासून 'उद्योगात दाचिंगपासून शिका' ही घोषणा झाली. हा माणूस खरा होता, त्याचे कष्टही खरे होते. तो १९७० मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या कर्करोगाने वारला. चित्रात मात्र तो थकत नाही. यंत्रसामग्री अपुरी होती म्हणून माणसाला हौदात उतरावे लागले, हा त्या घटनेचा दुसरा अर्थ चित्रात येत नाही.

एका संपाची दोन चित्रे

चित्राचा धनी बदलला की कामगाराचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आनयुआनच्या कोळसा खाणीचे आहे. सप्टेंबर १९२२ मध्ये तेथील खाण व रेल्वे कामगारांनी संप करून तो जिंकला. चिनी कामगार चळवळीच्या आरंभीच्या यशांपैकी हे एक. संपाचे नेतृत्व प्रामुख्याने ली लिसान आणि ल्यू शाओची यांच्याकडे होते. माओ १९२१ मध्ये तेथे जाऊन आले होते.

१९६१ मध्ये हौ यीमिन या चित्रकाराने या संपावर तैलचित्र काढले. तेव्हा ल्यू शाओची राष्ट्राध्यक्ष होते. चित्रात ते खाण कामगारांच्या लोंढ्यात पुढे उभे आहेत, भोवती काळवंडलेले, हत्यारे घेतलेले, संतप्त चेहरे आहेत. पाच वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, ल्यू शाओची 'भांडवलशाहीच्या वाटेचे वाटसरू' ठरले, चित्र निषिद्ध झाले आणि चित्रकाराला छळ सोसावा लागला. १९६७ मध्ये ल्यू चुन्हुआ या तरुण विद्यार्थ्याने 'अध्यक्ष माओ आनयुआनला जातात' हे नवे चित्र काढले. लांब झगा घातलेले तरुण माओ हातात छत्री घेऊन डोंगरमाथ्यावरून येत आहेत. मागे ढग, खाली धूसर पर्वतरांगा. १९६८ पासून या चित्राच्या सुमारे ९० कोटी प्रती छापल्या गेल्या असे सांगितले जाते.

या दुसऱ्या चित्रात एकही कामगार नाही. संप कामगारांचा, गाव कामगारांचे, सत्ता कामगारांच्या नावाने चालणारी, आणि जगातील सर्वाधिक छापल्या गेलेल्या चित्रांपैकी एकात त्यांच्यासाठी जागा नाही. या चित्राचे रचनाकौशल्य मोठे आहे हे मान्य करूनही, इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याकडे पाहताना चित्रात कोण नाही हे आधी मोजावे असे वाटते.

मुंबई : छाप, ठसा आणि सूचना

आता मुंबईकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांनीही चित्रे भरपूर छापली, छापून घेतली. कापडाच्या ताग्यावर आणि सुताच्या गासडीवर रंगीत शिळाछापाचे लेबल चिकटविण्याची पद्धत मँचेस्टरकडून आली होती. ज्या गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नसे तो चित्रावरून माल ओळखी. म्हणूनच आपल्याकडे मालाला 'छाप' म्हणतात. या छापांवर देवदेवता, राजेराण्या, हत्ती, वाघ, मोर आणि सुंदर स्त्रिया असत. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि राजा रविवर्मा यांच्या मुंबईत १८९४ साली निघालेल्या व पुढे मळवलीस गेलेल्या छापखान्याने देवदेवतांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोहोचविल्या होत्या. त्याच प्रतिमा ताग्यावर आल्या. लक्ष्मी ताग्यावर होती. साच्यावर उभा राहून तो तागा विणणारा माणूस त्यावर नव्हता. मालकाला कापड विकायचे होते, कापड कोणी विणले हे सांगण्याची त्याला गरज नव्हती. शांघायच्या दिनदर्शिका आणि मुंबईच्या छापा यांत या बाबतीत काडीचाही फरक नाही. फरक पुढे पडला. तेथे चित्रकार राज्याने ताब्यात घेतले, येथे ते बाजाराकडेच राहिले.

कामगारांच्या बाजूने पाहता, येथील पहिली साधने अक्षरांची आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांचे 'दीनबंधु', १८८४ ची त्यांची गिरणी कामगारांची संघटना, १० जून १८९० रोजी मिळालेली रविवारची साप्ताहिक सुट्टी, पुढे १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि लाल बावटा गिरणी कामगार युनियन, हा सारा इतिहास निवेदने, पत्रके आणि सभांच्या वृत्तांतांतून आपल्यापर्यंत आला आहे. त्याहूनही तो आवाजातून आला आहे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंनी स्वतः गिरणीत काम केले होते. गिरणगावातील भजनी मंडळे, कामगार रंगभूमी, पोवाडे, लोकनाट्ये, कोकणी चाकरमान्यांची दशावतारी नाटके यांत कामगाराने स्वतःला पाहिले. चीनचा कामगार डोळ्यांनी पाहावा असा घडविला गेला, मुंबईचा कामगार कानांनी ऐकावा असा घडला, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

याला ठळक अपवाद चित्तप्रसाद यांचा. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५-१९७८) बंगालचे. जातिवाचक म्हणून त्यांनी आडनाव टाकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरील त्यांची रेखाटने प्रसिद्ध आहेत. कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर'साठी चित्रे काढण्याच्या निमित्ताने ते मुंबईत आले आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग अंधेरीत राहिले. येनानच्या लाकूडठशांच्या प्रतिकृती त्या काळी पक्षाच्या नियतकालिकांतून भारतीय चित्रकारांच्या पाहण्यात येत. सोमनाथ होर यांच्यावरील चिनी ठशांचा प्रभाव सर्वमान्य आहे, आणि चित्तप्रसाद त्याच परंपरेतले. म्हणजे सायलेशियाच्या विणकरांसाठी बर्लिनमध्ये सुरू झालेली ही वाट शांघाय आणि येनान करीत मुंबई या विणकरांच्याच शहरात आली. १९४९ च्या सुमारास चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाले. त्यानंतरही त्यांनी लिनोवर कोरलेले शेतकरी, मजूर, मायलेकरे यांचे ठसे काढणे थांबविले नाही. राबणाऱ्या मुलांवरील त्यांची मालिका १९६९ मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या चित्रांचा एक मोठा चाहतावर्ग चेकोस्लोव्हाकियात होता. या ठशांच्या तळाशी प्रकाशनगृह नाही, किंमत नाही. स्वतःच्या खोलीत हाताने काढलेल्या मोजक्या प्रती. त्यांच्या कामगाराची नजर दूर क्षितिजावर नसते, ती समोरच्या माणसाकडे असते. ९० कोटी प्रतींच्या तुलनेत ही संख्या नगण्य आहे, आणि गिरणगावातल्या किती खोल्यांपर्यंत हे ठसे पोहोचले असतील याबद्दल फार आशा बाळगता येत नाही.

स्वतंत्र भारताच्या शासनाने कामगार भिंतीवर आणला तो निराळ्या रूपात. १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईतच होते आणि ४ मार्च हा तिचा स्थापनादिन सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कारखान्यांतून आपण पाहतो ती शिरस्त्राण, हातमोजे, चष्मा घालण्याची सूचना देणारी भित्तिपत्रके या परंपरेतली. त्यांचा उपयोग वादातीत आहे. पण त्यातला कामगार हा बेसावध राहून स्वतःला इजा करून घेणारा, समज देण्यायोग्य माणूस असतो. आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) 'बोला कमी, काम जास्त करा' अशा आशयाचे फलक लागले, तेव्हा हाच सूर अधिक चढा झाला. गंमत अशी की जानेवारी १९७५ मध्ये चीनने आपल्या नव्या राज्यघटनेत संपाचे स्वातंत्र्य नमूद केले होते, आणि त्याच वर्षी जुलैत हांगचौच्या कारखान्यांतील गडबड मोडण्यासाठी तेथे सैन्य पाठविले. त्या सैनिकांचे कामगारांशी हसतमुखाने बोलतानाचे चित्र काढणे चिनी चित्रकारांना कठीण नव्हते.

महाराष्ट्रात कामगाराला समज न देणारी एक सार्वजनिक प्रतिमा आहे, ती हुतात्मा चौकातील. एक मशाल उंच धरलेले शेतकरी आणि कामगार. व्हेरा मुखिना या रशियन शिल्पकर्तीने १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी घडविलेल्या कामगार व शेतकरी स्त्रीच्या पुतळ्याची आठवण ती करून देते. कोयता-हातोड्याच्या जागी येथे मशाल आली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांत गिरणी कामगारांचा भरणा मोठा होता, म्हणून हे शिल्प उसन्या भाषेत असले तरी त्यातले म्हणणे उसने नाही. मात्र त्यात स्त्री नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांची पुनर्रचना यांमुळे त्यांची संख्या पुढे घटत गेली. चीनच्या भित्तिपत्रकांतील स्त्री कामगार ही पुष्कळदा राज्याची जाहिरात होती, तरीही ती तेथे होती.

१९८२

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. वेतन व बोनस यांच्याबरोबरच, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला प्रतिनिधित्वाचा मक्ता काढून घ्यावा अशी मागणी होती. आपल्या वतीने कोणी बोलावे हे कामगारांना स्वतः ठरवायचे होते. आपले चित्र कोणी काढावे हा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही. संप वर्षभराहून अधिक काळ टिकला याचे एक कारण असे की हजारो कामगार आपापल्या गावी परतले. आदल्याच वर्षी, १ मे १९८१ रोजी, कामगारदिनी आणि महाराष्ट्रदिनी, स्वतंत्र झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतले पुष्कळजण आले. भात, नाचणी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार यांवर त्या कुटुंबांनी दिवस काढले.

त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी चीनने नवी राज्यघटना स्वीकारली आणि तीतून संपाचे स्वातंत्र्य वगळले. १९८० च्या दशकातील चिनी भित्तिपत्रकांत कामगार मागे सरकत गेला. शास्त्रज्ञ, अभियंते, एक अपत्य असलेले सुखी कुटुंब, उंच इमारती ही नवी चित्रे पुढे आली. १९९० च्या दशकात सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार कमी करण्यात आले. ज्यांना चित्रात देशाचे धनी म्हटले होते त्यांना कामावरून दूर करताना कोणी भित्तिपत्रक काढले नाही. मुंबईच्या गिरण्याही एकामागून एक बंद झाल्या, तो तपशील परिचित आहे.

चिनी प्रचारचित्रे आता संग्राहकांच्या बाजारात आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातील संग्रह १९७७ मध्ये सुरू झाला. अॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत स्टीफन लँड्सबर्गर यांनी जमविलेला मोठा साठा आहे. शांघायमध्ये एका खाजगी संग्राहकाचे संग्रहालय २००२ पासून आहे. गिरण्यांच्या छापाही हौशी लोक जमवितात, कारण त्या देखण्या आहेत. मुंबईच्या कामगारांची बाजू मात्र मुख्यतः आवाजाच्या रूपाने जतन झाली आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला गिरणगावातील लोकांच्या आठवणींचा ग्रंथ हे त्यातले अग्रगण्य काम.

त्याला जोड देता येईल ती पत्रकांची. १८६७ च्या मुद्रण कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले होते. त्यामुळे युनियनच्या साध्या, एकरंगी, चित्र नसलेल्या पत्रकाच्या तळाशीही ती बारीक ओळ सापडते. तीवरून गिरणगावातील कोणते छापखाने कोणासाठी छापीत होते याची यादी करता येईल, आणि संपाच्या कोणत्या महिन्यात कोणाचा शब्द छापला जात होता हे कळेल. १९८२ मध्ये आगबोटीने नव्हे, एस.टी.ने गावी आलेल्या माणसांच्या ट्रंका विजयदुर्ग, वाघोटन, पडेल, गिर्ये या गावांतील माळ्यांवर अजून असतील. कामाचे पास, हजेरीची कार्डे, मनीऑर्डरीच्या पावत्या आणि असली पत्रके यांची नोंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून घरोघर करवून घेणे एका शैक्षणिक वर्षात होण्याजोगे आहे.